बॅटरी का उतरते

शुक्रवार, १ मार्च

ही वही यांनी बॅटरीच्या नोंदींसाठी आणली होती. पहिल्या पानावर पट्टीने तीन रकाने आखलेत, तारीख, व्होल्ट आणि शेरा, आणि त्याखाली एक अक्षर नाही. आता नवरा हॉस्पिटलात पाय टांगून पडलाय, तेव्हा वही माझी. शेरे मी मारीन.

मंगळवारी धक्क्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून हे घसरले. नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. सव्वीस वर्षं आमची बोट खाडीच्या या काठावरून त्या काठावर माणसं नेते. हे सुकाणू धरतात. मी तिकिटं फाडते, दोर फेकते, माणसं मोजते आणि संध्याकाळच्या फेरीला पुढच्या टोकाला उभी राहून खाडीतले दिवे ओरडून सांगते. लाल डावीकडे, हिरवा समोर. पाऊस असो की बोचरा वारा, उभं राहायचंच. बाकीच्या बोटींवर कुणी असं बोंबलत नाही. एकदा कारण विचारलं तर म्हणाले, शिस्त. यांच्या शिस्तीपायी माझे गुडघे कामातून गेले.

तूर्त सुकाणूवर भावजी आहेत, माझे धाकटे दीर. त्यांच्याकडे परवाना आहे, माझ्याकडे नाही. पण इंजिनाच्या खोलीवर आता यांचा पहारा नाही. इतकी वर्षं मला तिथे हात लावायची बंदी होती. उद्या पहिलं काम तेच.

शनिवार, २ मार्च

घाण म्हणजे किती असावी. दोन बादल्या काळं पाणी निघालं.

आत दोन बॅटऱ्या आहेत. एक इंजिन सुरू करायला, दुसरी दिव्यांना आणि पंपाला. इंजिनाला लागून आल्टरनेटर, तो वीज बनवतो. ती वीज एका पत्र्याच्या डब्यात येते आणि तिथून दोन्ही बॅटऱ्यांना वाटली जाते. हे त्याला वाटणीचा डबा म्हणतात. डब्याला तीन स्क्रू, तीन वायरी: लाल, हिरवी, तपकिरी. स्क्रूंवर गंजाची बुरशी चढली होती म्हणून तिन्ही वायरी सोडवून घासल्या. प्रत्येक वायरीला तेलकट सुतळीचा तुकडा बांधलेला, त्याला गाठी मारलेल्या. तेही सगळं कापून कचऱ्यात टाकलं. काय ते जुनाट प्रकार.

लावायची वेळ आली तेव्हा कळलं की मधल्या स्क्रूवर कुठली होती ते मी बघूनच ठेवलं नव्हतं. यांना फोन लावला.

"सुतळीच्या गाठी बघ की."

"टाकल्या सुतळ्या. रंग सांगा. लाल, हिरवी, तपकिरी. मधे कुठली?"

पलीकडे खाट करकरली. मला वाटलं नर्स आली असेल.

"लाल," म्हणाले. "लाल मधे, अजून काय."

"आणि बाकीच्या दोन?"

"कुठेही लाव, फरक पडत नाही."

लावल्या. वरून रंगीत टेप गुंडाळली. इंजिनाच्या खोलीत आता जेवायला बसता येईल.

मंगळवार, ५ मार्च

सकाळी साडेसहाच्या फेरीला अठरा माणसं बसलेली आणि इंजिन नुसतं टक करून गप्प. पुन्हा टक. बॅटरी उतरली होती. धक्क्यावरच्या इलेक्ट्रिशियनला हाक मारली. त्याला सगळे फ्यूजमास्तर म्हणतात, कारण काहीही बिघडलं तरी तो आधी फ्यूजच बघतो. त्याने स्वतःची बॅटरी जोडून इंजिन चालू केलं, पण तोवर सव्वासात वाजले होते. पलीकडच्या दवाखान्यातली सिस्टर रोज याच फेरीने जाते. ती सारखी घड्याळ बघत होती. तेच जास्त लागलं.

धक्का-ऑफिसच्या कारकुनाने रजिस्टरात लाल शाईने 'चुकली' लिहिलं. तिमाहीत तीन फेऱ्या चुकल्या की मार्ग काढून दुसऱ्याला देतात. दुसरा म्हणजे कोण ते सगळ्यांना ठाऊक आहे. कंपनीची पांढरी बोट महिनाभर समोर नांगर टाकून आमच्याकडे टक लावून बसलीय.

चुकली तर चुकली. अजून दोन शिल्लक आहेत.

शुक्रवार, ८ मार्च

यांना घरी आणलं. धक्क्यालगतच्या दोरांच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या, त्यात जिना अरुंद. चार जणांनी खुर्चीत बसवून वर चढवलं आणि हे वरून सूचना देत होते.

डॉक्टरांनी गोळ्यांच्या दोन पट्ट्या दिल्यात. लाल सकाळी, हिरवी जेवणानंतर. पट्ट्या यांच्या हाताशी ठेवल्यात, तरी मी बोटीवरून येईपर्यंत घेत नाहीत. मी काढून हातावर ठेवायची. राजेसाहेब.

फ्यूजमास्तरने इंजिनाची बॅटरी नवी बसवली. यांनी पलंगावरून उलटतपासणी घेतली.

"इंजिन चालू झालं की पॅनलवरचा दिवा विझतो ना?"

"विझतो," मी म्हटलं.

"मग चार्जिंग होतंय. जुनी बॅटरीच मेली होती."

मग मला म्हणाले, "त्या सुतळ्या कचऱ्यात शोधल्यास का?" मला हसू आलं. माणूस पायाच्या गोळ्यांनी थोडा भरकटलाय.

सोमवार, ११ मार्च

दुसरी चुकली. नवी कोरी बॅटरी, तीन दिवसांत रिकामी. फ्यूजमास्तरने सगळे फ्यूज बघितले, सगळे ठीक निघाल्यावर त्याने काखा वर केल्या. म्हणाला आल्टरनेटर बदला. कारकून लाल शाई घेऊन तयारच होता.

दुपारी भावजी दोर गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "वहिनी, बोट कंपनीला देऊन टाका. मला एक तारखेपासून ते घेतायत. तुम्हालाही तिकिटावर घेतील."

"आणि तुमच्या दादांना?"

"दादाला परत सुकाणूवर बसवू नका. पाय बरा झाला तरी नको. ऐका माझं."

"का नको?"

माझ्याकडे बघेनात. "वय झालं," म्हणाले. यांच्याहून भावजी चार वर्षांनीच लहान. कंपनीची नोकरी पक्की झाल्यावर सख्खा भाऊ कसा पटकन म्हातारा दिसायला लागतो. मी म्हटलं, "एक तारखेला खुशाल जा. बोट कुठेही जाणार नाही." रागाच्या भरात बोलले खरी. पण परवाना असलेला माणूस नसेल तर बोट नेणार कोण?

बुधवार, १३ मार्च

फ्यूजमास्तरकडून मीटर मागून आणला. द्यायला तयार नव्हता. "ताई, हे नाजूक काम असतं," म्हणाला. मी म्हटलं, तुम्ही दोनदा नाजूक काम केलंत, आता मला आडदांडपणा करून बघू दे. दिला.

आजपासून यांचे रकाने भरते. लाल टोक प्लसला, काळं मायनसला. भरलेली बॅटरी बारा पूर्णांक सात दाखवते. इंजिन चालू असताना आकडा चौदाच्या आसपास चढायला हवा, कारण वीज आत येत असते.

दुसऱ्या बोटीवर रात्रभर लावून भरून आणलेली बॅटरी: १२.७. इंजिन चालू केल्यावर: १२.५. दिवे लावल्यावर: १२.३ आणि उतरतच होतं.

शेरा: पॅनलवरचा दिवा थापा मारतोय. एक थेंब आत जात नाही.

आल्टरनेटरचा पट्टा दाबून बघितला, घट्ट आहे. सगळं बंद करून कुठे वीज गळते का तेही बघितलं, गळत नाही. यांना आकडे वाचून दाखवले तेव्हा चेहरा उतरला. "तू नको त्यात पडू," म्हणाले. "बिघडवून ठेवशील." बिघडलेलं अजून किती बिघडवणार?

शनिवार, १६ मार्च

तीन दिवस इंजिनाची बॅटरी रोज संध्याकाळी काढून खालच्या दुकानात चार्जिंगला लावते आणि पहाटे बोटीवर नेते. वजन बावीस किलो. गुडघे शिव्या देतात, देऊ देत. फेरी चुकलेली नाही.

आज मीटरची टोकं थेट आल्टरनेटरच्या पाठीला लावली. चौदा पूर्णांक तीन. दोनदा बघितलं. म्हणजे आल्टरनेटर ठणठणीत आहे. वीज तयार होते आणि बॅटरीपर्यंत पोचत नाही. वाटेत आहे काय, तर तो डबा.

घरी येऊन यांना सांगितलं. हे उशीला टेकून होते, ते सरळ बसले.

"डबा सोडून दे. डब्यात काही बिघडत नाही."

"उघडून बघते ना."

"मी सांगतोय ना, डब्याला हात लावू नकोस. मी उठलो की बघीन."

"तुम्ही उठेपर्यंत मार्ग जाईल."

"जाऊ दे गेला तर."

मी बघतच राहिले. या माणसाने लग्नाच्या दुसऱ्या दिवशीही फेरी चुकवली नव्हती. आता म्हणतो जाऊ दे. पायाचं दुखणं डोक्यात चढतं की काय कोण जाणे. मला आज पहिल्यांदा भीती वाटली, आणि ती बॅटरीची नव्हती.

रविवार, १७ मार्च

रविवारी फेऱ्या नसतात. सकाळी एकटीच गेले.

वायरींचे रंग बाजूला ठेवले. एकेक वायर बोटांत धरून मुळापर्यंत गेले. पोटावर आडवी होऊन, हातात टॉर्च. तपकिरी गेली दिव्यांच्या बॅटरीकडे. लाल गेली इंजिनाच्या बॅटरीकडे. आणि हिरवी गेली आल्टरनेटरकडे. पुन्हा बघितलं. हिरवीच.

मग डब्याकडे बघून कुणालाही कळेल. वीज आत यायचं दार मध्ये, बाहेर जायची दारं दोन बाजूंना, आणि उलट कुठूनच जाता येत नाही. मी आल्टरनेटरची वायर बाहेरच्या दाराला जोडली होती. बिचारा दार ठोठावत बसला. आणि मध्ये लावली होती इंजिनाच्या बॅटरीची लाल वायर, म्हणून ती बॅटरी स्वतः उपाशी राहून बोटीचे सगळे दिवे पोसत होती.

लाल आणि हिरवी अदलाबदल केली. इंजिन चालू. १३.६. चौदा पूर्णांक तीनमधला पाऊण व्होल्ट तो डबाच खात असणार. खाऊ दे. तिथेच बसून मी मोठ्याने हसले आणि मग हसू थांबलं. लाल मधे, हे सांगितलं कुणी होतं?

घरी आले. हे खिडकीकडे तोंड करून होते.

"बॅटरी भरतेय," मी म्हटलं. "हिरवी मधे हवी होती. तुम्ही लाल सांगितलीत."

"चुकलो."

"चुकलात कसे? डबा तुम्हीच बसवलाय."

मी हातपाय धुऊन आले तरी तोंड खिडकीकडेच.

"मला दिसत नाही," म्हणाले.

"काय दिसत नाही?"

"लाल. म्हणजे दिसतं. पण हिरवंही तसंच दिसतं. लहानपणापासून. वायरी मी गाठींवरून ओळखतो. एक गाठ आल्टरनेटर, दोन इंजिनाची, तीन दिव्यांची."

"मग फोनवर तसं सांगायचं होतंत."

"सुतळ्या तू टाकल्या म्हणालीस. रंग सांगा म्हणालीस."

"म्हणून अंदाजाने ठोकून दिलंत?"

"हो."

मी खुर्चीत बसले. गोळ्यांच्या पट्ट्या तिथेच होत्या, लाल आणि हिरवी, आजच्या गोळ्या तशाच. मग हळूहळू एकेक गोष्ट कळत गेली आणि एकही बरी नव्हती.

"आणि परवाना? डोळे तपासतात ना त्याला?"

"धाकट्याने दिली तपासणी. माझ्या नावावर."

सव्वीस वर्षं. ती शिस्त, तो वारा, ते ओरडणं. संध्याकाळच्या फेरीत ही बोट मी चालवत होते, आणि ते दोघा भावांना माहीत होतं, मला नव्हतं. एखाद्या दिवशी मला ताप असता, खोकल्याने आवाज गेला असता. मागे पन्नास माणसं बसलेली असायची. मी यांच्याकडे बघून म्हटलं, "मला नुसतं सांगितलं असतंत तर मी जन्मभर उभी राहिले असते." आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासली.

मंगळवार, १९ मार्च

बॅटरी १२.७. शेरा: मी बोलत नाही.

धक्क्यावर फ्यूजमास्तरने विचारलं, काय होतं. मी म्हटलं, वायर उलटी लागली होती, माझ्याच हातून. त्याने ते सगळ्यांना सांगितलं, कारकुनालासुद्धा. आज तीन जणांनी मला मीटर कसा धरायचा ते शिकवलं. ऐकून घेतलं. दुसरं काय सांगणार होते?

भावजींना एकटं गाठून म्हटलं, "मला कळलंय." ते मटकन दोरांच्या ढिगावर बसले. म्हणाले, "वहिनी, मी पंचवीस वर्षांचा होतो. दादाने सांगितलं आणि मी केलं. तेव्हापासून संध्याकाळची फेरी परत आल्याशिवाय मी जेवत नाही." मी त्यांना नोकरीवरून काय काय बोलले होते. ते सगळं परत घेतलं. नुसतं मनात नाही, तोंडाने बोलून घेतलं.

बुधवार, २० मार्च

आज मी बोलले, पण सरळ कामाचं.

"प्लास्टर निघालं की मी परत सुकाणूवर," हे म्हणाले. "तू पुढे. आता तर तुला माहीतच आहे. सव्वीस वर्षांत कधी खरचटलंसुद्धा नाही."

"तुम्ही सुकाणूवर बसणार नाही."

"मग काय, कंपनीला देऊ?"

"परवाना मी काढते."

हसले. मला वाटतं घाबरून हसले, पण हसले. "बायकांना देत नाहीत."

तडक ऑफिसात गेले. कारकुनाने तेच सांगितलं. मी म्हटलं, नियम दाखवा. त्याने पुस्तक काढलं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत उलटलं, मग शेवटापासून पहिल्यापर्यंत. मी समोर उभी. चहा आला, त्याने एकट्यानेच प्यायला. शेवटी म्हणाला, "नाही म्हणून लिहिलेलं नाही, पण आजवर कुणी मागितला नाही." मी म्हटलं, "मग मागते." परीक्षा सत्तावीसला. पुढची जूनमध्ये. म्हणजे एकच संधी, कारण भावजी एकतीसपर्यंतच आहेत.

शुक्रवार, २२ मार्च

भावजी रिकामी बोट माझ्या हातात देतात. पहिल्या दिवशी धक्क्याला असा दणका दिला की वरचा चहावाला बाहेर आला. दुसऱ्या दिवशी दोन दणके. माझं पन्नाशी उलटलेलं डोकं म्हणतं डावीकडे वळव, हात म्हणतात उजवीकडे. आज वाटलं की उगाच हट्टाला पेटले, कंपनीची तिकिटं फाडण्यात काय वाईट होतं. लिहून टाकते म्हणजे डोक्यातून जाईल.

संध्याकाळी यांना काही सांगितलं नाही. पण धक्क्यावरच्या बातम्या वर पोचतात. यांनी चादर सपाट केली, माझी एक चप्पल मागितली आणि ती चादरीवर ठेवली.

"ओहोटी इकडून ओढते. तू धक्का बघून वळतेस, म्हणून उशीर होतो. पाणी बघ आणि आधी वळ. इंजिन इथे बंद कर. इथे. उरलेलं अंतर ती आपणहून येते."

तासभर चप्पल पलंगावर फिरत होती. मध्येच मी विचारलं, "हे मला इतकी वर्षं का नाही शिकवलंत?"

"तू शिकली असतीस," म्हणाले.

बुधवार, २७ मार्च

लेखी झाली. डोळे झाले. बोट चालवायची परीक्षा ओहोटीच्या वेळेला ठेवली होती, मुद्दामच असणार. परीक्षकाने विचारलं, "कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "घरी." पाणी बघितलं, आधी वळले, इंजिन बंद केलं. बोट आपणहून आली आणि धक्क्याच्या टायरला इतकी हळू टेकली की परीक्षक अजून वाट बघत होता.

परवाना शुक्रवारी हातात येईल. चौकशीत त्याने यांच्या परवान्याचं विचारलं. मी काही बोलायच्या आत भावजी म्हणाले, दादा पायामुळे परत करतोय. घरी सांगितलं तर यांनी उशाखालून तो आधीच काढून ठेवलेला होता, वर प्लास्टिकचं कव्हर. मला दिला आणि तोंड भिंतीकडे केलं. मला वाईट वाटलं. राग आहे तो आहेच, पण वाईटही वाटलं, आणि दोन्ही घेऊन मी भात लावला.

सोमवार, १ एप्रिल

बॅटरी १२.७. तिमाही संपली, चुकलेल्या दोनच.

सहा वाजता इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. भावजी पांढऱ्या बोटीवरून बघत होते, नव्या गणवेशात. कारकून सव्वासहालाच धक्क्यावर येऊन उभा राहिला होता. सिस्टर आली, नेहमीच्या जागी बसली आणि तिने पिशवीतून पुस्तक काढलं. घड्याळ बघितलं नाही.

सहा पंचवीसला जिन्याकडून कुबड्यांचा आवाज आला. हे एकटेच खाली उतरले होते. त्या पायरीशी येऊन थांबले. मी सुकाणूवर होते. नेहमी हे चालत येतात आणि बोटीत पाय टाकतात, कुणाला विचारायचा प्रश्नच नसतो. आज उभे राहिले. सगळी बोट त्यांच्याकडे बघत होती आणि हे माझ्याकडे.

"येऊ का?" म्हणाले.

मी आधी माणसं मोजली, टोकापासून टोकापर्यंत, एकवीस. सुकाणूवरून हात फिरवला, मीटरचा आकडा बघितला, मागचा दोर सोडायला लावला. हे तसेच कुबड्यांवर उभे, घाम आलेला.

मग मी म्हटलं, "या. मधे बसा, प्रवाशांत."

बावीस. साडेसहाला निघालो.